ओस वास्तू आणि राबते हात : खाप्याच्या निमित्ताने कलावंत निवासांचा आढावा

कन्हान नदीच्या उंच काठावर वसलेल्या खाप्यात नगरपालिका स्थापन झाली ती १८६७ साली. नागपुरात एम्प्रेस मिल सुरू व्हायला तेव्हा दहा वर्षे अवकाश होता आणि खाप्याची ओळख होती ती हातमागावरच्या सुती कापडाची. आज हे गाव सावनेर तालुक्यात आहे. नागपूरहून सकाळी निघून काम आटोपून दुपारच्या जेवणाला परत यावे इतके जवळ. तरीही नागपुरात नाटक, चित्र, संगीत यांची चर्चा चालते तेव्हा खाप्याचे नाव सहसा कोणी घेत नाही.

विदर्भातल्या अशा जुन्या कसब्यांत इमारतींचा एक ठरावीक प्रवास दिसतो. वाड्याचे वारस शहराकडे जातात, शाळा नव्या इमारतीत हलते, दवाखान्याचे ग्रामीण रुग्णालय होऊन ते रस्त्यालगत जाते, जिनिंगचे पट्टे थांबतात. मागे राहिलेल्या इमारतीचे कवेलू दोन पावसाळ्यांत सरकतात, पाणी सागाच्या तुळईत मुरते, वाळवी लागते, भिंतीतून पिंपळ निघतो. मग एके दिवशी ‘धोकादायक इमारत’ अशी पाटी लागते आणि वर्षभरात तिथे गाळ्यांचे व्यापारी संकुल उभे राहते. हे टाळायचे तर इमारतीला काम हवे. गेली काही वर्षे जगभर आणि आता आपल्याकडेही एक उपाय वारंवार सुचवला जातो: अशी वास्तू दुरुस्त करावी आणि तिथे चित्रकार, शिल्पकार, नाटकवाले, लेखक यांना महिना-दोन महिने राहून काम करू द्यावे, गावानेही त्यात सामील व्हावे. असे कलावंत निवास कुठे जगले, कुठे बंद पडले आणि खाप्यासारख्या गावाला त्यातून काय घेण्याजोगे आहे, ते इथे पाहायचे आहे. माझे मत आधीच सांगतो. वास्तू टिकते ती तिथे रोज कोणी ना कोणी काम करते म्हणून. पाहुणा कलावंत हे दुसरे पाऊल. पहिले पाऊल गावच्या कारागिराचे.

कलावंतांना राहायला घर देण्याची कल्पना जुनी आहे. चौदाव्या लुईने १६६६ मध्ये रोममध्ये फ्रेंच अकादमी काढली आणि १८०३ पासून ती व्हिला मेदिची या जुन्या प्रासादात आहे. पण ते राजाश्रयाचे काम. आपल्याला जवळचे उदाहरण मुंबईत सापडते, आणि ते मराठी रंगभूमीच्या व चित्रकलेच्या इतिहासात खोल रुतलेले आहे.

वॉर्डन रोडवर समुद्राकाठी भुलाभाई देसाई यांचा बंगला होता. १९४६ मध्ये त्यांचे निधन झाल्यावर तिथे त्यांच्या नावाची संस्था उभी राहिली. त्यांच्या सूनबाई मधुरी देसाई यांनी बंगल्यातल्या खोल्या नाममात्र भाड्याने कलावंतांना दिल्या. वासुदेव गायतोंडे तिथे रंगवत, हुसेन रंगवत, प्रफुल्ला डहाणूकर आणि नसरीन मोहमदी तिथेच काम करत. इब्राहिम अल्काझींच्या थिएटर युनिटच्या तालमी तिथे झाल्या, रविशंकरांच्या किन्नर संगीत विद्यालयाचे वर्ग भरले, विजया मेहतांच्या रंगायनचे प्रयोगही झाले. एका मजल्यावर कॅनव्हास, दुसऱ्यावर सतार, अंगणात नाटकाची तालीम. कोणी कोणाला मुद्दाम भेटायला जात नव्हते, जिन्यावर भेट होत होती. त्या भेटींतून जे घडले ते कुठल्याही सरकारी योजनेतून घडले नसते. आणि या सगळ्याच्या तळाशी एका कुटुंबाची उदारता होती, एवढेच. ती उदारता कागदावर, विश्वस्तनिधीत, दीर्घ मुदतीच्या करारात उतरली नाही. पुढे बंगला पाडला गेला आणि त्या जागी उंच इमारत उभी राहिली. रस्त्याला भुलाभाईंचे नाव आहे, पण त्या खोल्यांतली एकही आज नाही.

दुसरे उदाहरण दादरचे. अरविंद आणि सुलभा देशपांडे यांच्या आविष्कार या नाट्यसंस्थेने १९७४ पासून छबिलदास मुलांच्या शाळेच्या सभागृहात प्रयोग सुरू केले. शाळा सुटली की नाटक. ना पडद्याची सोय, ना विंगा, प्रेक्षकांत आणि नटांत हातभराचे अंतर. समांतर मराठी रंगभूमीला ‘छबिलदास’ हे नाव पडले ते या जागेवरून. पण जागा शाळेची होती, शाळेच्याही अडचणी होत्या, आणि अखेर आविष्कारला तिथून हलावे लागले. पुढे माहीमच्या एका पालिका शाळेत त्यांनी बस्तान बसवले. दोन्ही उदाहरणांत कलावंत कमी पडले नाहीत, प्रेक्षक कमी पडले नाहीत. कमी पडला तो जागेवरचा हक्क. कलावंत निवासाचा कोणताही प्रस्ताव समोर आला की मी आधी त्याचे भाडेपत्र विचारतो, रंगीत आराखडा नंतर पाहतो.

खाप्याच्या दृष्टीने आणखी एक प्रकरण याहून महत्त्वाचे वाटते, आणि ते आपल्या कला-इतिहासात पुरेसे बोलले जात नाही. स्वातंत्र्यानंतर हातमागाला नव्या नक्ष्या मिळाव्यात म्हणून पुपुल जयकर यांच्या पुढाकाराने विणकर सेवा केंद्रे निघाली आणि त्यांत चित्रकारांना नोकरीवर घेतले गेले. प्रभाकर बरवे १९६१ पासून या केंद्रांत होते. आधी काही वर्षे बनारसला, नंतर मुंबईत. बनारसच्या त्या काळात त्यांच्या चित्रांत तांत्रिक चिन्हे आली आणि पुढची त्यांची सगळी वाट बदलली. अकोल्याचे अंबादास खोब्रागडे, जे पुढे नॉर्वेत स्थायिक झाले, तेही या केंद्रांत काम करत होते. के. जी. सुब्रमण्यन काही वर्षे मुंबईत हातमाग मंडळात अधिकारी होते. म्हणजे आधुनिक भारतीय चित्रकलेतली तीन मोठी माणसे मागाशेजारी बसून घडली. ती काही महिन्यांपुरती पाहुणी म्हणून गेली नव्हती, पगारावर होती आणि वर्षानुवर्षे विणकरांच्या सोबत होती. विणकराला नक्षी मिळाली, चित्रकाराला पृष्ठभागाची, पुनरावृत्तीची, धाग्याच्या शिस्तीची जाण मिळाली. नागपुरातही विणकर सेवा केंद्र आहे. खाप्यात उद्या काही उभे करायचे तर परदेशातला नमुना शोधण्याआधी हा आपलाच नमुना पुन्हा वाचावा.

आता महेश्वर. मध्य प्रदेशात नर्मदेकाठी असले तरी हे मराठी माणसाचे गाव आहे. अहिल्याबाईंनी १७६७ पासून १७९५ पर्यंत इथून कारभार केला आणि बाहेरगावचे विणकर आणून वसवले. विसाव्या शतकात राजाश्रय गेला, गिरणीचे कापड आले, माग थांबत गेले. १९७० च्या दशकाच्या अखेरीस होळकर घराण्यातले रिचर्ड होळकर आणि त्यांच्या पत्नी सॅली यांनी रेहवा सोसायटी स्थापन केली. रेहवा हे नर्मदेचेच नाव. किल्ल्याच्या परिसरातल्या जुन्या इमारतीत माग बसवले आणि विणकर घरांतल्या स्त्रियांना विणायला शिकवले. तोवर त्या बहुतेक कांड्या भरण्याचे, रहाट फिरवण्याचे पूरक काम करत. मुलांसाठी पाळणाघर झाले, पुढे शाळा झाली. साडीच्या काठावर किल्ल्याच्या आणि घाटाच्या दगडी कोरीव कामातल्या नक्ष्या आहेत: विटेची, चटईची, हिऱ्याची. भिंत कापडावर आली. अशा ठिकाणी वास्तू जपा असे गावाला वेगळे सांगावे लागत नाही, कारण घरातल्या बाईच्या मजुरीचा आणि त्या भिंतीचा संबंध तिला ठाऊक असतो.

महेश्वरची दुसरी शिकवण हिशेबाची आहे. रेहवाला सुरुवातीला अनुदान मिळाले, पण संस्था उभी राहिली ती कापड विकून. दिल्ली-मुंबईच्या ग्राहकाला साडी आवडली पाहिजे, वेळेवर मिळाली पाहिजे, धुतल्यावर रंग जाता कामा नये. ही कसोटी कठोर आहे आणि तिनेच काम शुद्ध ठेवले. महेश्वरला हे जमले त्यामागे एका राजघराण्याचे नाव, किल्ल्याचे सौंदर्य आणि नर्मदेचा घाट होता, हेही मान्य केले पाहिजे. खाप्याकडे यांपैकी फक्त नदी आहे. म्हणून महेश्वरची नक्कल करून चालणार नाही, तिथला क्रम मात्र उचलावा. आधी माग, मग बाजार, आणि पाहुण्यांची वर्दळ सर्वांत शेवटी.

सावंतवाडीच्या राजवाड्यातही असाच क्रम दिसतो. गंजिफा म्हणजे हाताने रंगवलेले गोल पत्ते. दशावतारी संचात १२० पाने, प्रत्येक अवताराची बारा. १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला ही कला जाणणारे फार थोडे उरले होते. शिवरामराजे भोसले आणि सत्त्वशीलादेवी यांनी पुंडलिक चितारी या वृद्ध कलावंताकडून ती समजून घेतली आणि राजवाड्याच्या दरबारातच कारागीर बसवले. आजही तिथे गेलेल्या माणसाला बायका-मुली मांडी घालून पत्ते रंगवताना दिसतात. राजवाड्याचा एक भाग आता पाहुण्यांच्या निवासासाठी खुला आहे. सावंतवाडीच्या गंजिफाला भौगोलिक मानांकनही मिळाले. सत्त्वशीलादेवी २०१८ मध्ये गेल्या. काम चालू राहिले, हे मला सर्वांत मोलाचे वाटते. बहुतेक संस्था संस्थापकाबरोबर संपतात.

मुंबईचे डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालय वेगळ्या कारणाने आठवते. १८७२ मध्ये लोकांसाठी खुली झालेली ही वास्तू विसाव्या शतकाच्या अखेरीस पार कळाहीन झाली होती. २००३ मध्ये महापालिका, वारसा जतन करणारी इंटॅक ही संस्था आणि जमनालाल बजाज प्रतिष्ठान यांच्यात त्रिपक्षीय करार झाला. मालकी पालिकेची, तांत्रिक जबाबदारी इंटॅकची, पैशाची साथ प्रतिष्ठानची. विकास दिलावरी यांच्या देखरेखीखाली झालेल्या जीर्णोद्धाराला २००५ मध्ये युनेस्कोचा सर्वोच्च आशिया-पॅसिफिक पुरस्कार मिळाला. नंतर तिथे आजच्या चित्रकारांना जुन्या संग्रहाला उत्तर देणाऱ्या कलाकृती करायला बोलावले गेले. त्या कराराइतके उपयोगी प्रारूप नगरपरिषदेच्या इमारतीसाठी मला दुसरे दिसत नाही. कोणी काय करायचे हे आधी लिहून ठेवले की नंतर एकमेकांकडे बोट दाखवायला जागा उरत नाही.

गोव्याचा अनुभव थोडक्यात सांगता येईल. पणजीतले जुने वैद्यकीय महाविद्यालय आणि आदिलशहाचा वाडा डिसेंबरातल्या कला-उत्सवात काही दिवस उजळतात. एचएच आर्ट स्पेसेससारख्या कलावंतांच्या गटाने जुन्या गोवेकर घरांत वर्षभराचे निवास चालवून पाहिले. उत्सव वेगळा आणि वस्ती वेगळी, हे तिथे लख्ख दिसते. केरळात कोची-मुझिरिस बिएनाले २०१२ मध्ये सुरू झाली तेव्हा बोस कृष्णम्माचारी आणि रियाझ कोमू या दोघा जे. जे. स्कूल ऑफ आर्टच्या माजी विद्यार्थ्यांनी फोर्ट कोचीतल्या आस्पिनवॉल हाउससारख्या जुन्या वखारींना नवे आयुष्य दिले. पेपर हाउसमध्ये निवासही सुरू झाला. मात्र आस्पिनवॉलची मालकी बिएनालेची नव्हती, त्यामुळे जागेचा प्रश्न पुन्हा पुन्हा उभा राहिला. भुलाभाईंच्या बंगल्याचीच गोष्ट, काही दशकांनी.

बर्लिनच्या बेथानियन रुग्णालयाची हकिगत याहून गुंतागुंतीची आहे. एकोणिसाव्या शतकातले हे रुग्णालय १९७० मध्ये बंद झाले, पाडायचे ठरले, आणि रहिवाशांच्या विरोधामुळे वाचले. तिथे उभे राहिलेले क्युन्स्टलरहाउस जगभरच्या कलावंतांचे माहेर बनले. पण इमारतीचा एक भाग जागेच्या हक्कासाठी लढणाऱ्यांनी ताब्यात घेतला, वाद चिघळला आणि २०१० मध्ये कलावंतांची संस्थाच दुसरीकडे गेली. वस्तीला वाटले की इमारत आपण वाचवली आणि वापरतात दुसरेच. ही भावना बर्लिनमध्ये निर्माण होऊ शकते, तर खाप्यात का होणार नाही?

वस्तीला बरोबर घेऊन चालण्याचा सर्वांत धीराचा प्रयोग जपानात निइगाता प्रांतात झाला. एचिगो-त्सुमारी हा डोंगराळ, भातशेतीचा, प्रचंड बर्फाचा प्रदेश. तरुण शहरात गेले, म्हातारी माणसे राहिली, घरे आणि शाळा ओस पडल्या. २००० मध्ये फ्राम कितागावा यांनी तिथे दर तीन वर्षांनी भरणारा कलामहोत्सव सुरू केला, पण कलाकृती फक्त दालनांत मांडल्या नाहीत. ओस घरे आणि बंद शाळा कलावंतांना दिल्या. एका शेतघराच्या आतल्या सगळ्या लाकडावर आणि भिंतींवर एका शिल्पकाराने विद्यार्थ्यांना घेऊन पटाशीने इंच न् इंच कोरले. आता तिथे पाहुणे मुक्कामाला राहतात. गवताच्या छपराच्या दुसऱ्या एका घरात गावच्या बायका स्थानिक भाज्यांचे जेवण रांधून वाढतात. सुरुवातीला गावकरी संशयाने पाहत होते. वाद झाले, सभा झाल्या, वर्षे गेली, मग तेच लोक पाहुण्यांना कलाकृती समजावून सांगू लागले. एवढा वेळ द्यायची तयारी नसेल तर अशा कामात पडू नये, असे मला वाटते.

याच प्रदेशात, तोकामाची शहराजवळ, एका बंद पडलेल्या शाळेत तोकिओ हासेगावा यांनी १९८२ मध्ये मिथिला संग्रहालय सुरू केले. भारतातले लोककलावंत तिथे येऊन राहत आणि मोठी चित्रे करत. डहाणूजवळच्या गंजाडचे जिव्या सोमा म्हसे, वारली चित्रकलेला जगात घेऊन गेलेले, तिथे राहून काम करून आले. लाल मातीच्या भिंतीवरची पांढरी रेषा जपानमधल्या एका जुन्या शाळेत उमटली, ही अभिमानाची गोष्ट आहे. पण त्याच जागी २००१ च्या जुलैत मध्य प्रदेशातले थोर परधान गोंड चित्रकार जनगडसिंह श्याम यांनी आत्महत्या केली. घरी परतायची ओढ त्यांच्या पत्रांतून दिसत होती. त्यानंतर भारतात बरीच चर्चा झाली: कलावंत किती दिवसांसाठी जातो, कोणत्या भाषेतल्या करारावर सही करतो, तिथे त्याच्याशी त्याच्या बोलीत बोलणारे कोणी असते का, मध्येच परतायचे म्हटले तर सोय काय? हे प्रश्न प्रत्येक कलावंत निवासाने स्वतःला विचारले पाहिजेत. वास्तू कितीही सुंदर असो, आत राहणारा माणूस एकटा पडत असेल तर ते घर नव्हे.

हा सगळा पट मांडल्यावर खाप्याकडे येऊ. इथली परंपरा कोष्टी आणि हलबा कोष्टी विणकरांची. खड्डामागावरची लुगडी, धोतरे, रुमाल यांची. भोसल्यांच्या काळात नागपूरच्या रेशीमकाठी कापडाला मान होता. १८७७ मध्ये एम्प्रेस मिल आली, नंतर इतर गिरण्या आल्या, त्यामागून पॉवरलूम आला. गंमत अशी की ज्या गिरणीने हातमाग मागे सारला तीही राहिली नाही. एम्प्रेस मिलच्या जागेवर आज मॉल आहे. नागपूरने आपला सर्वांत मोठा औद्योगिक वारसा कलेसाठी, संग्रहालयासाठी वापरायची संधी घालवली. हे दुःख विदर्भाने मोठ्याने बोलून दाखवायला हवे होते. २०१९-२० च्या हातमाग गणनेत देशभर ३५ लाखांहून अधिक हातमाग कामगार नोंदले गेले. त्यांत महाराष्ट्राचा वाटा अगदी थोडा आहे, तोही राज्य हातमाग महामंडळाचे मुख्यालय १९७१ पासून नागपुरात असताना.

म्हणून खाप्याच्या कलावंत निवासात तळमजल्यावर माग हवेत, असे मी म्हणतो. ते शोभेसाठी मांडून ठेवलेले नकोत, रोज धोटा फिरणारे हवेत. पांजणीसाठी लांबलचक मोकळी, सावलीची जागा लागते. जुन्या शाळेचे पटांगण किंवा वाड्याचे मागचे अंगण त्याला सोयीचे. वर दोन-तीन खोल्या पाहुण्यांना, एक मोठे स्वयंपाकघर सगळ्यांना, आणि चांगली स्वच्छतागृहे. शेवटची गोष्ट क्षुल्लक वाटेल, पण पाहुण्या स्त्री कलावंताला तीच सर्वांत आधी लागते. विदर्भाचा उन्हाळा पाहता हंगाम दिवाळीनंतर सुरू करून फाल्गुनात आटोपावा. उरलेले महिने इमारत गावाची: खडी गंमत, दंडार, भजनी मंडळांची तालीम, पोळ्याच्या आणि गणपतीच्या आधी मूर्तिकारांना कोरडी जागा. नागपुरातल्या महालातली चितार ओळ मूर्तिकारांच्या शेजारामुळे टिकली, हे उदाहरण डोळ्यांसमोर आहेच. पाहुण्या कलावंताला शिकवणाऱ्या विणकराला त्या वेळेची मजुरी मिळाली पाहिजे. नक्षी दोघांनी मिळून केली तर तिच्यावर दोघांचा हक्क असल्याचे मराठीत लिहून दोघांच्या सह्या हव्यात.

दुरुस्ती कशी करायची हा प्रश्न वाटतो तितका खर्चाचा नाही, जाणकारीचा आहे. चुन्याच्या भिंतीला सिमेंटचा गिलावा केला की आतली ओल आतच अडकते आणि वीट भुसभुशीत होते. अनेक वाडे पावसाने कमी आणि अशा दुरुस्तीने जास्त खचतात. चुना, सुरखी, साग, कवेलू हे साहित्य आणि ते वापरणारे गवंडी-सुतार यांचे काम हेच कलावंत निवासाचे पहिले शिबिर होऊ शकते. इंटॅकची नागपूर शाखा आहे, शहरात वास्तुकलेची महाविद्यालये आहेत. मोजमाप आणि आराखडे विद्यार्थी करू शकतात.

मालकीचा पेच मात्र खरा आहे. खासगी वाडा घ्यायचा तर आखीव पत्रिकेवर अनेक वारसांची नावे असतात. एक नागपुरात, एक पुण्यात, एक परदेशात, आणि एकाची सही मिळत नाही. महेश एलकुंचवारांनी ‘वाडा चिरेबंदी’त वैदर्भीय वाड्याची जी कोंडी रंगभूमीवर आणली ती घरोघरची आहे. त्यामुळे सुरुवात नगरपरिषदेच्या मालकीच्या इमारतीपासून करणे शहाणपणाचे. तिथेही १९६५ चा नगरपरिषद अधिनियम आडवा येतो. स्थावर मालमत्ता हस्तांतरित करायला शासनाची मंजुरी लागते, साधा भाडेपट्टा एका वेळी तीन वर्षांचा, आणि भाडेकरूला पक्के बांधकाम करता येत नाही. कायद्यामागे सार्वजनिक मालमत्ता लाटली जाऊ नये हा हेतू आहे आणि तो योग्यच आहे. म्हणून इमारत संस्थेला देऊन टाकण्यापेक्षा भाऊ दाजी लाड संग्रहालयासारखा करार करावा. मालक नगरपरिषदच राहील, विणकरांची सहकारी संस्था रोजचे काम पाहील, जाणकार संस्था दुरुस्ती पाहील.

पैसा जवळच आहे. खाप्यालगत मॉयलची गुमगाव मँगनीज खाण आहे, सावनेर परिसरात वेस्टर्न कोलफिल्ड्सच्या कोळसा खाणी आहेत. दोन्ही सरकारी कंपन्या, दोन्हींची मुख्यालये नागपुरात. २०१३ च्या कंपनी कायद्याने मोठ्या कंपन्यांना मागच्या तीन वर्षांच्या सरासरी निव्वळ नफ्याच्या दोन टक्के रक्कम सामाजिक कामावर खर्च करणे बंधनकारक केले, आणि अनुसूची सातमध्ये ऐतिहासिक वास्तूंचा जीर्णोद्धार व पारंपरिक कला-हस्तव्यवसायांचा विकास ही दोन्ही कामे स्पष्ट लिहिलेली आहेत. आपल्या कामाच्या परिसराला प्राधान्य द्या, असेही कायदा सांगतो. ज्या भूमीतून मँगनीज आणि कोळसा निघतो तिथल्या गावाने हा निधी हक्काने मागावा. अडचण पुढे आहे. २०२१ च्या दुरुस्तीनंतर या निधीतून कायम ठेव उभारता येत नाही, आणि चालू प्रकल्पाला पहिले वर्ष सोडून जास्तीत जास्त तीन वर्षे मिळतात. म्हणजे साधा भाडेपट्टा तीन वर्षांत संपतो आणि पैसा फार तर चार वर्षांत. त्यानंतर राखणदाराचा पगार आणि विजेचे बिल कोण भरणार, याचे उत्तर पहिल्याच दिवशी हवे. माझ्या दृष्टीने उत्तर एकच: तोवर मागावरचे कापड विकले जायला हवे. पाहुणा कलावंत त्या कापडाला नवी नक्षी देऊ शकतो, नागपूर-पुण्याचा ग्राहक दाखवू शकतो, त्याचे छायाचित्र, त्याची कथा बाहेर नेऊ शकतो. महिन्याचा खर्च मात्र त्याच्या शिरावर टाकता येत नाही.

यावर एक आक्षेप येईल. खाप्याला पाणी, रस्ते, रोजगार हवा, कलावंतांचे लाड कशाला? आक्षेप प्रामाणिक आहे. त्यासाठीच मी हा सगळा विचार मागापासून सुरू केला. विणकराच्या घरात दिवसाची मजुरी वाढत नसेल तर हे घर उघडूच नये. आणि उद्घाटनाला मंत्री यावेत, फीत कापावी आणि पुढच्या महिन्यात कुलूप लागावे, अशी सांस्कृतिक भवने विदर्भात आधीच पुष्कळ आहेत. आणखी एकाची गरज नाही.

खापा नगरपरिषदेला म्हणूनच एक विनंती. येत्या सर्वसाधारण सभेत एक ठराव घ्यावा आणि परिषदेच्या मालकीच्या पन्नास वर्षांहून जुन्या सर्व इमारतींची यादी, प्रत्येकीचे बांधकामाचे साल, आजचा वापर आणि छपराची अवस्था लिहून, कार्यालयाच्या फलकावर लावावी. शेजारी गावात आज चालू असलेल्या हातमागांची नोंदही असावी. नागपुरातल्या विणकर सेवा केंद्राला आणि इंटॅकच्या शाखेला त्याची एकेक प्रत पाठवावी. या कामाला निधी लागत नाही, शासनाची मंजुरी लागत नाही, आणि येत्या पावसाळ्यापूर्वी ते सहज होण्याजोगे आहे.